सोसायटीत सिनेमा आणि पंगत: शेवट सगळ्यांना बघता यायला हवा

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय: त्यांच्या सोसायटीत 84 घरं आहेत, मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळी अशी मिश्र वस्ती. तळमजल्याचा हॉल वाढदिवस आणि वार्षिक सभा सोडल्या तर बंदच असतो. तिथे महिन्यातून एकदा भारतीय सिनेमा दाखवावा आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवावं असं त्यांच्या मनात आहे. परवानगी कुणाची लागते, सिनेमे कोणते निवडायचे, प्रोजेक्टर कसा घ्यायचा, जेवणाचं काय, आणि लोक टिकतील का?

ताई, मी असं मंडळ 14 वर्षं चालवते आहे. आधी गिरगावात, आमच्या चाळीच्या सभागृहात. चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही पांगलो, आणि त्यातली काही घरं गोरेगावात एकाच सोसायटीत आली. तेव्हापासून तिथल्या हॉलमध्ये. तुम्ही जेवणाचं जवळजवळ शेवटी विचारलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण असली मंडळं प्रोजेक्टर बिघडल्यामुळे बंद पडताना मी पाहिलेली नाहीत, स्वयंपाकाला कंटाळून बंद पडताना पाहिली आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही सई परांजपे यांचा 'कथा' (1983) दाखवला. चाळीवरचा सिनेमा आणि बघणारे चाळीतलेच, त्यामुळे हॉल नुसता हसत होता. नंतर पंगतीत मी शेजारच्या वहिनींना विचारलं, "संध्याला शेवटी राजाराम मिळाला, ते पटलं का हो तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "शेवट कुठे बघितला मी? आमटी गरम करत होते." मी पंगतीवरून नजर फिरवली. वाढायला उभ्या असलेल्या पाचही जणी शेवटची 20 मिनिटं आतल्या ओट्याशी होत्या. मागच्या महिन्यातही त्याच होत्या, त्याच्या आधीही. आणि त्यांच्यात मी होते. सिनेमे मीच निवडायचे, ते माझे पाहिलेले असायचे, म्हणून मी उठून गेले तर काही बिघडत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती. बाकीच्या चौघींनी ते सिनेमे पाहिलेले नव्हते. वर्षभर आमच्या मंडळातल्या बायकांनी सिनेमाचा शेवट न बघता इतरांना गरम जेवण वाढलं, आणि एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून आमचा एकच पक्का नियम आहे. पडद्यावर 'समाप्त' येईपर्यंत गॅस पेटवायचा नाही. सिनेमा संपला की 25 मिनिटांची सुट्टी. त्यात गरम करणं, सतरंज्या सरळ करणं, पाणी भरणं. आणि ही सगळी कामं पाळीनं, पाळीच्या यादीत पुरुष आणि कॉलेजातली मुलं धरून. यादी फळ्यावर नावानिशी लावा. नुसतं "सगळ्यांनी मदत करा" म्हटलं की त्याच पाच जणी उठतात.

मग पदार्थही त्या हिशेबाने निवडावे लागतात. मसालेभात जाड बुडाच्या पातेल्यात झाकण लावून, वरून जुनी चादर गुंडाळून ठेवला तर दीड तास सहज गरम राहतो. मटकीची किंवा डाळिंब्यांची उसळ कोमट असली तरी बिघडत नाही. पोळ्या सुती कापडात गुंडाळून डब्यात. तांदळाची भाकरी उकड काढून केली असेल तर मऊ राहते. कोशिंबिरीत दही आणि मीठ ऐनवेळी घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. पुऱ्या, भजी, कुरडया, म्हणजे ज्याला ऐनवेळी कढईपाशी उभं राहावं लागतं ते सगळं बंद. पहिल्यांदा लोक कुरकुरतात. तळण नाही तर पंगत कसली, असं आमच्याकडेही म्हणून झालं. तुम्ही ठाम राहा.

पहिले तीन महिने मात्र नुसती अंगतपंगत करा. ज्याने त्याने आपला डबा आणायचा, गोल बसायचं आणि एकमेकांच्या डब्यातलं खायचं. त्यात हिशेब नाही, कुणावर बोजा नाही, आणि कुणाच्या घरी काय चांगलं होतं ते आपोआप कळतं. लोक रुळले की मजल्याप्रमाणे वाटप करा. एका मजल्याकडे भात, एकाकडे उसळ-भाजी, एकाकडे पोळ्या, एकाकडे कोशिंबीर-लोणचं-ताक, एकाकडे गोड. पुढच्या महिन्यात सगळं एकेक मजला पुढे. वाटप न करता "काहीतरी घेऊन या" म्हणाल तर नऊ घरांतून बटाट्याची भाजी येईल आणि भात एकाही घरातून येणार नाही. आमचं 40 माणसांचं माप असं आहे: मसालेभाताला 3 किलो तांदूळ, दीड किलो कोरडी मटकी मोड आणून, 100 पोळ्या, 2 किलो काकडी. उरलं तर वॉचमन आणि सफाईवाल्या मावशींना "घेऊन जा" म्हणू नका. त्यांना पंगतीतच बसवा, सिनेमालाही बोलवा. ताट-वाटी-पेला ज्याने त्याने घरून आणायचा आणि आपला आपण घासायचा.

शाकाहार-मांसाहाराचा प्रश्न मुंबईतल्या सोसायटीत दाबून ठेवला की नंतर भलत्याच वेळी फुटतो. म्हणून पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. आमच्याकडे दोन टेबलं असतात, हॉलच्या दोन टोकांना. पातेली, डाव, वाढपी वेगळे. कांदा-लसूण नसलेल्या पदार्थांवर तशी चिठ्ठी. मासे-मटण असेल तर महिनाभर आधी सांगायचं आणि श्रावणात, चतुर्थीला, एकादशीला ठेवायचं नाही. तुमच्या सोसायटीत हॉल शाकाहारीच ठेवण्याचा ठराव असेल तर तो पाळा आणि त्या वेळचं जेवण कुणाच्या तरी घरी किंवा आवारात करा. पण एखाद्या कोळी किंवा मल्याळी घराला "तुमचं तेवढं घरी खाऊन या" असं सांगून मंडळात बोलवू नका. ते एकदा येतील. पुन्हा येणार नाहीत, आणि कारणही सांगणार नाहीत.

आपल्या सिनेमाच्या अगदी पहिल्या पानावरही स्वयंपाकघर आहे, हे मी नव्या सभासदांना मुद्दाम सांगते. फाळक्यांनी 1912-13 मध्ये दादरला 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रांधत होत्या. साठ-सत्तर माणसांचं जेवण, वर कपडे धुणं, आणि फिल्मचं तांत्रिक कामही त्या शिकल्या होत्या. 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशन थिएटरमध्ये तो चित्रपट लागला. ज्या चाळीत आमचं मंडळ सुरू झालं, तिथून ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर.

आता परवानगी. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

जागेची परवानगी सोपी. व्यवस्थापक समितीला लेखी अर्ज द्या: महिन्यातला कोणता रविवार, किती वाजता, किती माणसं, हॉल साफ करून देण्याची जबाबदारी कुणाची. बंद हॉलमध्ये सभासदांपुरता कार्यक्रम असेल तर आवाज बेताचा ठेवा म्हणजे झालं. गच्चीवर किंवा आवारात ध्वनिक्षेपक लावून दाखवायचा असेल तर पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर लावता येत नाही. माझं मत विचाराल तर गच्ची फक्त डिसेंबर-जानेवारीत, वर्षातून एकदा. वाऱ्याने पडदा हलतो आणि संवाद शेजारच्या इमारतीला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतात.

सिनेमाची परवानगी ही वेगळी गोष्ट. घरच्या ओटीटीचं वर्गणीदार असणं म्हणजे हॉलमध्ये 50 जणांना दाखवायची मुभा नव्हे. ती वर्गणी घरात बघण्यापुरती असते. "सगळेच दाखवतात" हे मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी ऐकवतं. मी तरीही पत्र लिहिते. ज्या माणसांच्या कामावर आपण मंडळ चालवतो त्यांना विचारायचं नाही, हे मला जमत नाही. निर्मात्याला किंवा वितरकाला साधं पत्र: कोणता चित्रपट, कोणत्या दिवशी, किती प्रेक्षक, तिकीट नाही, एकदाच. काही जण फुकट हो म्हणतात, काही मानधन सांगतात, काही उत्तरच देत नाहीत. उत्तर नसेल तर तो चित्रपट सोडून द्यायचा. दोन महिने आधी पत्र टाकायची सवय लावा. स्वतंत्र माहितीपट करणारी मंडळी बहुतेक वेळा आनंदाने परवानगी देतात, आणि मुंबईत राहत असतील तर स्वतः येऊन पंगतीला बसतात.

आणि जुना खजिना मोकळा आहेच. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. म्हणजे 1953 चा चित्रपट 1 जानेवारी 2014 पासून खुला. प्रभात फिल्म कंपनीचे सगळे मोठे चित्रपट त्यात आले, अत्र्यांचा 'श्यामची आई' (1953) आला, 'पथेर पांचाली' (1955) आला. फक्त एक सांभाळा. एखाद्याने अलीकडे नवी उपशीर्षकं केली असतील तर ते त्याचं वेगळं काम आहे, त्याची परवानगी वेगळी घ्या. सेन्सॉरचं प्रमाणपत्र कोणतं आहे तेही पत्रकावर लिहा. हॉलमध्ये मुलं येणारच, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये 7, 13 आणि 16 वर्षं असे वयाचे टप्पे आलेत, ते पालकांना उपयोगी पडतात.

तिकीट लावू नका. घरटी वर्गणी घ्या. आमच्याकडे महिन्याला 150 रुपये आहे. हिशेब फळ्यावर लावा, दहा रुपयांच्या चहापत्तीसकट.

चित्रपट निवडताना पहिली चूक सगळ्यांकडून होते ती अशी, की आपल्याला आवडलेला सर्वांत गंभीर चित्रपट पहिल्यांदा लावायचा. मी 1980 च्या दशकात प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीची सभासद होते. 1968 साली सुरू झालेल्या त्या संस्थेने माझ्यासारख्या कितीतरी मुंबईकरांना सिनेमा बघायला शिकवलं. पण तिथे लोक सिनेमासाठी घरून निघून यायचे. तुमच्या हॉलमध्ये लोक लिफ्टने खाली येणार आहेत, आणि कंटाळले तर लिफ्टनेच वर जाणार आहेत. त्यांना शेजाऱ्याचं कुतूहल आहे, सिनेमाचं नंतर येतं. त्यामुळे तुमच्या मिश्र वस्तीत मी पहिला चित्रपट शांताराम यांचा 'शेजारी' (1941) लावीन. गावातले दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू आणि एक मुसलमान, आणि धरणाच्या कामावरून त्यांच्यात पाडलेली फूट. गजानन जागीरदार आणि केशवराव दाते. हाच चित्रपट प्रभातने हिंदीत 'पडोसी' म्हणूनही केला, म्हणजे मराठी न कळणाऱ्या घरांसाठी ती प्रत लावता येईल. आणि हक्काचा प्रश्न नाही.

पुढे एकेका घराला यजमानपद द्या. चित्रपट त्यांच्या भाषेतला, त्या दिवशीचा मुख्य पदार्थ त्यांचा, आणि सुरुवातीला पाच मिनिटं बोलणार तेच. गुजराती घरांना 'छेल्लो शो' (2021) सुचवा. त्यात एक मुलगा आईने दिलेला डबा थिएटरच्या ऑपरेटरला देतो आणि त्या बदल्यात वरच्या खोलीतून सिनेमे बघतो. तमिळ घरांना 'काक्का मुट्टै' (2015), पिझ्झा खायची आस लागलेल्या चेन्नईतल्या दोन भावांचा. मराठीत 'गुलाबजाम' (2018) आहेच. पण एक सांगते, चित्रपटात जे खातात तेच ताटात वाढायच्या मागे लागू नका. एकदा दोनदा मजा येते, मग ती नुसती सजावट होते. यजमान घराला विचारा, तुमच्याकडे पाहुणे आले की काय करता? तेच करा.

याची एक आठवण मला अजून बोचते. सत्यजित राय यांचा 'अशनी संकेत' (1973) आम्ही दाखवला. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा. त्या महिन्यात गोडाची पाळी असलेल्या मजल्याने हौसेने श्रीखंड केलं होतं, वर केशर-पिस्ते. सिनेमा संपला. हॉलमध्ये कुणी बोलेना. श्रीखंडाची पातेली तशीच झाकून राहिली, आणि ज्यांनी रात्रभर चक्का बांधला होता त्या घराचा काही दोष नसताना त्यांना अवघडल्यासारखं झालं. चूक माझी होती. चित्रपट कशाबद्दल आहे ते वाटपाच्या यादीबरोबर मी सांगायला हवं होतं. आता यादीखाली दोन ओळी लिहिते. भुकेचा चित्रपट असेल तर वरण-भात, लिंबू, मीठ, बस.

'द ग्रेट इंडियन किचन' (2021) या मल्याळी चित्रपटाची परवानगी मिळवायला आमचे दोन महिने गेले. तो तुम्ही पहिल्या वर्षात लावू नका. मंडळात एकमेकांशी बोलायची सवय झाली की लावा. त्यात स्वयंपाकघरातला एकेक आवाज असा पकडलाय की चिरणं, वाटणं, खरकटं काढणं, तुंबलेलं सिंक हे सगळं अंगावर येतं. आमच्याकडे त्या दिवशी पाळी होती ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त काकांची. ते एरवी पाळी मुलावर ढकलायचे. त्या दिवशी ते गुपचूप ओट्याशी गेले आणि आमटीच्या पातेल्याचं करपलेलं बूड अर्धा तास घासत राहिले. कुणी त्यांना काही म्हणालं नाही. पुढच्या महिन्यात मुलाने येऊन मला विचारलं, बाबांचं नाव यादीत नेहमीसाठी घालता का.

मुलांसाठी आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी माझी सर्वांत लाडकी जोडी म्हणजे फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (1919) आणि गोपाळकाला. त्यात कृष्णाचं काम त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केलंय. सुरुवातीला ती आपल्यासमोर वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. तासाभराच्या आतला मूकपट. गोपाळकाल्याच्या दिवशी सकाळी लवकर ठेवा, दहीहंडीचे ट्रक रस्त्यावर यायच्या आत. सोसायटीत पेटी आणि तबला वाजवणारं कुणीतरी असतंच. त्यांना आदल्या दिवशी पूर्ण चित्रपट एकदा दाखवा, म्हणजे ते सतत वाजवत बसणार नाहीत. मधल्या पाट्या एखाद्या मुलीने मोठ्याने वाचून मराठीत सांगायच्या. आणि जेवायला काला: घराघरातून पोहे, लाह्या, दही, काकडी, डाळिंबाचे दाणे, लोणच्याचा खार, हिरवी मिरची, जे येईल ते एका परातीत. सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या हीच तर त्याची गोष्ट. त्या दिवशी गॅसचा प्रश्नच येत नाही.

प्रोजेक्टर सुरुवातीला भाड्याने घ्या. 3000 ते 3500 ल्युमेन उजेडाचा पुरतो, मात्र खिडक्यांना जाड काळं कापड हवं. कापडी पडदा घेऊ नका. मुंबईत पंखे बंद ठेवता येत नाहीत आणि पंख्याने पडदा लहरतो. एक भिंत पांढऱ्या, चमक नसलेल्या रंगाने रंगवून घ्या. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी असतात, 4:3 चे. प्रोजेक्टर ते ताणून रुंद करतो, मग माणसं बुटकी आणि चेहरे पसरट दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करा, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी राहू द्या.

चित्रापेक्षा आवाजावर जास्त वेळ घालवा. गणपतीच्या मंडळाचे मोठे स्पीकर कुणीतरी आणून देईल, ते नको. त्यांत ढोल छान वाजतो पण 1936 चा संवाद त्यांतून गुरगुर ऐकू येतो. दोन मध्यम स्पीकर, पडद्याच्या अगदी शेजारी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, बास कमी. हॉलला लादी आणि चुन्याच्या भिंती असतील तर आवाज घुमतो. आम्ही खाली सतरंज्या अंथरतो आणि मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगतो. 'संत तुकाराम' (1936) दाखवला तेव्हा गोधड्या टांगायच्या राहिल्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांत म्हाताऱ्या मंडळींना जिजाईचं एक वाक्य कळेना. थांबवलं, गोधड्या लावल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एका आजींनी तेव्हा सांगितलं की त्यांच्या आईने तो गिरगावच्या सेंट्रल थिएटरमध्ये पाहिला होता, जिथे तो वर्षाहून जास्त चालला.

वेळ रविवारी सकाळी 10 ची ठेवा, साडेबारापर्यंत चित्रपट, 1 ला पंगत. बाहेरून कुणी येणार असेल तर शनिवारी लोकलचा मेगाब्लॉक बघून घ्या. माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की तुमच्या पाहुण्यांना उशीर होईल.

लोक टिकतील का, हे तुम्ही विचारलंय. सिनेमा संपल्यावर खुर्च्या गोल करून "आता चर्चा करूया" म्हटलंत तर टिकणार नाहीत. तेच तिघे बोलतात आणि बाकीचे घड्याळ बघतात. पंगतीत पहिला भात वाढून झाला की एकच बारीकसा प्रश्न टाका: आज सिनेमातली कुठली वस्तू लक्षात राहिली? कुणी म्हशीचं दावं सांगतं, कुणी दारातली चप्पल, आणि मग बोलणं हात सुकेपर्यंत चालतं. आमच्याकडे 12 माणसांवरून 45 झाली ती त्या गप्पांमुळे.

आणि पत्रक लावाल तेव्हा चित्रपटाचं नाव, साल, भाषा यांच्याबरोबर लांबी मिनिटांत लिहा. मोठ्या अक्षरात, गॅसच्या ओट्यावरही एक प्रत चिकटवा. ज्याची पाळी आहे त्याला कळलं पाहिजे की किती वाजेपर्यंत त्याने हॉलमध्येच बसायचं आहे.